वॉलेटची शिल्लक वाचणारे एजंटचे साधन: हिशेबाच्या टेबलावरून परीक्षण

जळगावात डाळ मिल, केळी आणि सराफी यांचे हिशेब सांभाळणाऱ्या आमच्यासारख्या कर सल्लागारांकडे मार्च सरल्यावर ज्या पिशव्या येतात, त्यांत आता बँकेच्या पासबुकासोबत क्रिप्टो वॉलेटच्या पत्त्यांची यादीही असते. एक्स्चेंजवरच्या व्यवहारांचे विवरण एक्स्चेंज देते. स्वतःच्या ताब्यातील वॉलेटचे विवरण मात्र ब्लॉकचेनवरून, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक साखळी-नोंदवहीवरून, आपणच वाचून काढावे लागते. हे वाचन एआय एजंटकडून, म्हणजे साधने वापरून काम पार पाडणाऱ्या भाषा मॉडेलकडून, करून घेण्यासाठी गिटहबवर अनेक मोफत साधने आहेत. त्यांपैकी एक छोटा एमसीपी सर्व्हर आम्ही या हंगामात वापरला. एमसीपी म्हणजे एजंटने बाहेरच्या साधनांशी कसे बोलावे हे ठरवणारा, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला खुला प्रोटोकॉल.

साधनाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे ते खासगी किल्ली, म्हणजे पैसे हलवण्याचा अधिकार देणारा गुप्त आकडा, मागत नाही. शिल्लक पाहायला सार्वजनिक पत्ता पुरतो, आणि पैसे पाठवण्याची सोय यात मुळात ठेवलेलीच नाही. त्यामुळे एजंटने काहीही गैरसमज करून घेतला तरी अशिलाच्या पैशाला धक्का लागत नाही. निव्वळ शिल्लक दाखवण्यासाठी जे साधन सीड फ्रेजचे, म्हणजे ज्यांतून खासगी किल्ली तयार होते ते, बारा किंवा चोवीस शब्द मागते, ते त्याच क्षणी काढून टाकावे.

दुसरी चांगली गोष्ट दशांशांची. इथेरियम या ब्लॉकचेनचा नोड (तिची प्रत जवळ ठेवणारा संगणक) शिल्लक 'वेई' या सर्वांत लहान एककात आणि तीही सोळा-आधारी आकड्यांत देतो. इथर हे इथेरियमचे चलन; एका इथरचे वेई म्हणजे एकावर अठरा शून्ये. टोकनांचे, म्हणजे त्याच साखळीवर चालणाऱ्या इतर नाण्यांचे, प्रकरण याहून नाजूक आहे. यूएसडीटी हे डॉलरशी बांधलेले टोकन इथेरियमवर सहा दशांशांचे आहे, तर बीएनबी चेन या दुसऱ्या साखळीवर तेच नाव अठरा दशांशांनी चालते. सराफाने वजन सांगावे आणि ते तोळ्यांत की ग्रॅममध्ये हे सांगू नये, अशातला हा प्रकार झाला. हे साधन प्रत्येक टोकनच्या करारालाच (साखळीवरच्या त्याच्या प्रोग्रामलाच) त्याचे दशांश विचारते आणि कच्चा आकडा व रूपांतरित आकडा असे दोन्ही एजंटच्या हाती देते. शून्ये मोजण्याचे काम भाषा मॉडेलवर सोडलेले नाही, हे शहाणपणाचे आहे.

आता दोष. साधन ज्या सार्वजनिक नोडवरून माहिती घेते, तेथे थोड्या वेळात फार विचारणा झाल्या की उत्तर नाकारले जाते. अशा वेळी त्याने चूक कळवायला हवी. ते मात्र शिल्लक 'शून्य' असे सांगते, आणि एजंट त्यावर 'या वॉलेटमध्ये सध्या कोणतीही रक्कम नाही' असे अगदी नेटके वाक्य लिहून देतो. रावेरकडच्या एका अशिलाला आम्ही खुलाशासाठी फोन केला, तर तो म्हणाला, "साहेब, मी तर त्यातून काहीच काढलेलं नाही." त्याचे खरे होते. शिल्लक नसणे आणि शिल्लक न कळणे यांतला फरक ज्या साधनाला करता येत नाही, त्याचा आकडा ताळेबंदात थेट उतरवता येत नाही.

तारखेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणावरील नफ्याला ३० टक्के कर लागतो. हा कर शिलकीवर नाही हे खरे, पण आरंभीची आणि अखेरची शिल्लक जुळल्याशिवाय मधल्या व्यवहारांची यादी पूर्ण आहे की नाही हे समजत नाही. त्यासाठी ३१ मार्चची शिल्लक हवी. इथेरियमचा साधा नोड सहसा शेवटच्या १२८ ब्लॉकांचीच (व्यवहारांच्या गठ्ठ्यांचीच) स्थिती जवळ ठेवतो आणि दर बारा सेकंदांना एक ब्लॉक धरला तर ही मुदत अर्ध्या तासाच्या आतली झाली. जुन्या तारखेसाठी सगळी जुनी स्थिती साठवणारा आर्काइव्ह नोड जोडावा लागतो. साधनात तशी सोय आहे, परंतु सूचनापत्रात तिच्यासाठी एकच ओळ खर्च केली आहे. शिवाय तारीख यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे धरली जात असल्याने त्याचा ३१ मार्च आपल्याकडे १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचला संपतो. आम्ही म्हणून तारीख देतच नाही. ३१ मार्चच्या यूटीसी १८:३० पूर्वीच्या शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक काढून तोच देतो.

आणखी एक. सांगितले नाही तर हे साधन केवळ इथेरियमची मुख्य साखळी पाहते; त्याच पत्त्यावर पॉलिगॉन किंवा आर्बिट्रम या इतर साखळ्यांवर काही असेल तर त्याचा उल्लेखही येत नाही.

एवढे असूनही आजची शिल्लक चटकन पाहण्यासाठी आणि पत्त्यांची लांबलचक यादी प्राथमिक चाळणीतून काढण्यासाठी हे साधन वापरावे असेच मी सांगेन, कारण हाताने तेच काम करताना ४२ अक्षरी पत्ते चिकटवण्यातच दुपार जाते. उत्तर न मिळाल्यास शून्याऐवजी चूक दाखवावी, ही सूचना आम्ही प्रकल्पाच्या पानावर नोंदवली आहे. ती अमलात येईपर्यंत शून्य आलेला प्रत्येक पत्ता आमच्याकडे ब्लॉक एक्स्प्लोररवर (साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) माणूसच उघडून पाहतो.