वेल्डरला बिझनेस व्हिसावर सौदीला पाठवलं, त्याची हकिगत

माझ्या भाच्याचं जे झालं ते त्याला आणि बहिणीला विचारूनच इथे लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आयटीआय झालेली कितीतरी पोरं सध्या आखाताच्या वाटेवर आहेत. त्यांच्या घरच्यांनी हे पैसे भरण्याआधी वाचावं.

भाचा अमळनेर तालुक्यातला, वेल्डर. दीपनगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे शटडाऊनची, म्हणजे यंत्रं बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीची कामं करायचा. हात चांगला बसलेला, पण काम वर्षभर नसायचं. सोबतच्या पोरांमार्फत धुळ्याचा एक एजंट भेटला. सौदीत जुबैलला शटडाऊन, महिना 2,200 रियाल, राहणं-जेवण कंपनीचं. मागितले 1 लाख 40 हजार. बहिणीने कापसाचे आलेले पैसे दिले, वर गळ्यातली पोत गहाण ठेवली.

व्हिसा कोणता, हे भाच्याने विचारलं होतं. एजंट म्हणाला, "वर्क व्हिसाला मेडिकल आलं, ट्रेडची परीक्षा आली, दोन-तीन महिने जातील. तोवर शटडाऊन संपेल. बिझनेस व्हिसावर आठ दिवसांत विमानात बसशील. तिथं गेला की कंपनी इकामा लावून देईल." इकामा म्हणजे तिथे राहून काम करायचा परवाना.

मला सगळ्यात जास्त चीड याच बोलण्याची येते, कारण ऐकणाऱ्याला ते पटतं. वर्क व्हिसाला वेळ लागतो तो उगाच नाही. तिथल्या कंपनीकडे परदेशी कामगार आणायची मंजुरी लागते. करारात पदाचं नाव आणि पगार लिहावा लागतो. मान्यताप्राप्त केंद्रात मेडिकल होतं, वेल्डर-प्लंबर-इलेक्ट्रिशियनसारख्या कामांना कौशल्य चाचणी असते. उद्या पगार अडकला तर दाखवायला हेच कागद हातात असतात. बिझनेस व्हिसाला तिथल्या कंपनीचं निमंत्रण पुरतं. रावेरचा केळीचा व्यापारी आखातातल्या खरेदीदाराला भेटायला, माल ठरवायला जातो, त्याच्यासाठी तो व्हिसा आहे. त्याची कमाई इथल्या धंद्यातून होते, तिथे तो कोणाकडून पगार घेत नाही. साइटवर वेल्डिंगची टॉर्च धरणाऱ्यासाठी तो व्हिसा नाहीच, आणि त्यावर कामगाराचा इकामा निघत नाही. त्यासाठी परत येऊन रीतसर वर्क व्हिसाच घ्यावा लागतो.

व्हिसाचा कागद निघायच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्यावर इंग्रजीत 'नॉट परमिटेड टू वर्क' असं स्पष्ट छापलेलं होतं. पैसे तोवर गेलेले होते.

मुंबई विमानतळावरही कोणी अडवलं नाही. दहावी पास असल्याने त्याचा पासपोर्ट ईसीआरचा नव्हता. ईसीआर म्हणजे असं: दहावीच्या आत शिकलेला कामगार सौदीसारख्या 18 देशांत कामाला जातो तेव्हा सरकारची एमिग्रेशन मंजुरी, म्हणजे देशाबाहेर कामाला जायची परवानगी लागते, तिथे कागद तपासले जातात. दहावी झालेल्याला ती लागत नाही. आपण याला सवलत समजतो, पण शिकलेल्या पोराचे कागद तपासणारं मग दुसरं कोणीच उरत नाही. ते घरच्यांनाच तपासावे लागतात.

जुबैलला उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "मामा, त्यास्नी मना पासपोर्ट लई लिधा." (त्यांनी माझा पासपोर्ट काढून घेतला.) काम मिळालं, पण ज्या कंपनीने निमंत्रण दिलं तिचं नव्हे. तिने त्याला दुसऱ्या ठेकेदाराकडे लावलं. तपासणी आली की बिझनेस व्हिसावर आलेल्या पोरांना कॅम्पमध्येच थांबवायचे. पहिल्या महिन्याचा अर्धा पगार मिळाला, पुढचा मिळालाच नाही. हात भाजला तेव्हा दवाखान्यात आधी इकामा नंबर विचारला. लेबर कोर्टात जायचं म्हटलं तर करार कुठे आहे? उलट परवानगीशिवाय काम केल्याचा गुन्हा त्याच्याच अंगावर येण्याची भीती. शेवटी परराष्ट्र खात्याच्या 'मदद' या तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार टाकली, रियाधच्या भारतीय दूतावासाला लिहिलं, तेव्हा पासपोर्ट सुटला आणि तो घरी आला. बुडालेला पगार तिथेच राहिला.

एजंटकडे गेलो. त्याने पावती पुढे केली. तिच्यावर 'व्हिसा सर्व्हिस चार्ज' एवढंच लिहिलेलं. "मी व्हिसा काढून दिला, नोकरीचं लेखी कुठे दिलंय?" पगाराचा आकडा त्याने कायम फोनवर सांगितला होता, कागदावर कधीच नाही. लायसन विचारलं तर म्हणे मुंबईच्या पार्टनरचं आहे. 1983 च्या एमिग्रेशन कायद्यात अशा सब-एजंटला जागाच नाही. नोंदणी असलेल्या एजंटलाही 30 हजार आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे 35,400 रुपयांच्या वर घेता येत नाहीत. आमच्याकडून त्याच्या जवळपास चौपट घेतले. पोलिसांत तक्रार दिली आहे, परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीच्या मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी कार्यालयालाही कळवलं आहे.

एजंटचं नाव परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीत शोधा. सापडलं तर तिथे लायसन चालू आहे की रद्द, तेही दिसतं. पैसे बँकेतूनच द्या आणि पावतीवर नोकरी, पद, देश लिहून घ्या. ईसीआर पासपोर्टवर रीतसर कामाला जाणाऱ्याला प्रवासी भारतीय बीमा योजनेत दोन वर्षांसाठी 275 रुपयांत 10 लाखांचा अपघाती विमा मिळतो. एजंट या विम्याचं नाव काढलं की विषय बदलत असेल तर तिथूनच उठा. शंका असेल तर परराष्ट्र खात्याची 1800 11 3090 ही मोफत हेल्पलाइन आहे.

त्याच एजंटकडे आमच्या शेजारच्या गावातल्या दोन पोरांचे पासपोर्ट होते. एकाने परत आणला. दुसऱ्याचे वडील म्हणतात, दिलेले 50 हजार बुडतील. मी त्यांच्याकडे जाऊन बसलो, भाच्यालाही सोबत नेलं, त्याचा भाजलेला हात त्यांनी पाहिला. व्हिसाचा कागद स्वतः वाचून घेतल्याशिवाय पुढचा एक रुपया देणार नाही, एवढं त्यांनी कबूल केलं आहे.