तीन संध्याकाळी, तीनशे रुपये : एका अभ्यासवर्गाचा अनुभव

सोलापुरात पार्क चौकाजवळच्या एका सभागृहात गेल्या महिन्यात तीन संध्याकाळी चाललेल्या अभ्यासवर्गाला मी ३०० रुपये भरून बसलो. चारचौघांसारखी माणसे हत्याकांडात हळूहळू कशी ओढली जातात, हा विषय होता. पैसे वसूल झाले; तक्रार आहे ती शेवटच्या दिवसाबद्दल.

पहिला दिवस दुसऱ्या महायुद्धातल्या नाझी जर्मनीच्या एका पोलीस तुकडीला, हॅम्बुर्गच्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलीस बटालियनला, दिला होता. या बटालियनने १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील युझेफूव येथे सुमारे १५०० ज्यूंना ठार मारले. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, अशी मुभा बटालियनचे प्रमुख मेजर ट्राप यांनी आधीच दिली होती. तरीही जवळपास ५०० जणांतून सुरुवातीला जेमतेम डझनभरच बाहेर पडले. वक्त्यांनी ‘नराधम’ हा शब्द एकदाही वापरला नाही, हे मला आवडले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला अशा हत्याकांडातल्या एकेका कामाची चिठ्ठी मिळाली. कोणाला याद्या करायच्या होत्या, कोणाला नाकाबंदी, कोणाला घरांच्या किल्ल्या गोळा करायच्या होत्या. गोळी झाडण्याची चिठ्ठी कोणालाच नव्हती. माझ्या शेजारच्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना (सोलापुरात एक तरी रेल्वेवाला असतोच) भाडे आकारणी आली. त्या काळी जर्मन रेल्वे मृत्युछावण्यांकडे नेलेल्या माणसांचे तिसऱ्या वर्गाचे एकेरी भाडे लावी, पहारेकऱ्यांचे मात्र परतीचेही. ४०० जणांच्या गटाला निम्मा दर, आणि चार वर्षांखालील मुले फुकट. हे ऐकून ते सहज म्हणाले, “म्हणजे आमच्यासारखीच सवलत,” आणि मग चहा येईपर्यंत गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी सभागृहाची वेळ संपत आली आणि १९६१ साली येल विद्यापीठात सुरू झालेले मानसशास्त्रज्ञ मिलग्राम यांचे प्रयोग वीस मिनिटांत उरकले गेले. प्रयोगकर्ता सांगतो म्हणून माणूस समोरच्याला किती जोराचे झटके देत जातो, हे त्यांत पाहिले होते; झटके खोटे आहेत हे देणाऱ्याला माहीत नसे. १५-१५ व्होल्टने चढत जाणाऱ्या त्या खोट्या विजेच्या झटक्यांत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, आणि बटण दुसऱ्याने दाबायचे, आपण किरकोळ मदत करायची, असे ठरल्यावर ४० पैकी ३७, एवढे सांगून झाले. मात्र सोबतच्या दोघांनी नकार दिलेला पाहिल्यावर शेवटपर्यंत जाणारे चारच उरले, हा माझ्या मते सर्वांत कामाचा आकडा राहूनच गेला. युझेफूवलाही आधी एकच शिपाई पुढे आला, त्याच्या कॅप्टनने त्याला झापले, ट्राप यांनी त्याला पाठीशी घातले आणि त्यानंतरच बाकीचे दहा-बारा जण बाहेर पडले. यासाठी आयोजकांनी चौथी संध्याकाळ ठेवावी; त्याचे शंभर रुपये मी वेगळे देईन.