आयनॅचरलिस्ट की ईबर्ड? आधी सेटिंग बघा, मग ठरवा

शेजारचे काका रोज पहाटे पुण्यातली वेताळ टेकडी चढतात. निवृत्तीनंतर गळ्यात दुर्बीण आली आणि खिशात चांगला कॅमेरा असलेला मोबाइल. परवा त्यांनी मला जिन्यातच गाठलं. “अरे, त्या दोनपैकी एकच ॲप ठेवायचंय. सारखं टुंग-टुंग वाजलेलं मला चालणार नाही. आणि नावं मराठीत हवीत. सांग.”

दोन्ही ॲप निसर्गात आपल्याला काय दिसलं ते नोंदवायची. ईबर्ड म्हणजे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचा २००२ पासूनचा उपक्रम. तिथे फक्त पक्षी, आणि तेही यादीच्या रूपात. आयनॅचरलिस्ट २००८ चं, तिथे गवतापासून बेडकापर्यंत काहीही चालतं; आपण फोटो टाकायचा, ओळखायला इतर लोक मदत करतात. एवढं सगळ्यांना माहीत असतं. निरोपांच्या, म्हणजे नोटिफिकेशनच्या, बाबतीतला फरक मात्र वापरायला लागल्यावरच कळतो: आयनॅचरलिस्ट तुमच्या नोंदीबद्दल कळवतं, ईबर्ड दुसऱ्याला दिसलेल्या पक्ष्याबद्दल.

ईबर्डचे अलर्ट आपण मागितले तरच येतात, हे चांगलं. दुर्मीळ पक्ष्यांचा अलर्ट एक, आणि ‘नीड्स’ अलर्ट दुसरा, म्हणजे त्या भागात तुमच्या यादीत अजून नसलेले पक्षी. नवशिक्यांची गंमत इथेच होते. तुमची यादी कोरी असेल तर कावळा आणि साळुंकीसुद्धा ‘तुम्हाला हवे असलेले’ ठरतात! शंभरेक पक्षी नोंदवून होईपर्यंत नीड्सच्या वाटेला जाऊ नका. आणखी एक: प्रदेश म्हणून ‘पुणे’ निवडलंत की अख्खा जिल्हा येतो. पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेलं भिगवणही पुणे जिल्ह्यातच. हिवाळ्यात तिकडून येणारे मेल वाचून कोथरूडच्या माणसाने मंगळवारी सकाळी करायचं काय? अलर्ट दर तासाला किंवा दिवसातून एकदा घेता येतो. रोजचा एकच पुरे. तासाचा त्यांच्यासाठी, ज्यांची गाडी कायम तयार असते.

आयनॅचरलिस्टवर मामला उलटा. काटेसावरीच्या फुलाचा फोटो टाकला की लोक भराभर ‘बरोबर’ म्हणून जातात, आणि प्रत्येक ‘बरोबर’चा वेगळा निरोप. यावर उपाय आहे, पण सहसा कोणी तिथवर पोचत नाही. वेबसाइटवर खात्याच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनचं पान आहे, तिथे ‘कन्फर्मिंग आयडी’ (तुम्ही पटवलेल्या ओळखीला दुजोरा) बंद करा. मग तुमच्याशी सहमत असणारे गप्प बसतात, वेगळं मत देणाऱ्याचाच निरोप येतो. खरं शिकायला मिळतं ते त्याच्याकडूनच. मेल नको असतील तर तेही तिथेच बंद होतात. एखादं ठिकाण किंवा प्रजात फॉलो करायची सोय मोहात पाडते, पण अख्खं पुणे फॉलो केलंत तर माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका.

आता नावं. मराठी दोन्हीकडे निवडता येते. ईबर्डवर दयाळ, चीरक, खंड्या वाचायला छान वाटतं, शिवाय जोडीला शास्त्रीय नाव ठेवता येतं. आयनॅचरलिस्टवर सामान्य नाव आधी की शास्त्रीय, हे तुम्ही ठरवता, आणि एकापेक्षा जास्त भाषाही लावता येतात. मराठी नावं तिथे वापरणाऱ्यांनीच भरलेली, त्यामुळे कुठे आहेत, कुठे नाहीत. मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही लावतो आणि शास्त्रीय नाव कधीच लपवत नाही. घाणेरी म्हणा नाहीतर टणटणी, ‘लँटाना कॅमारा’ म्हटलं की वाद मिटतो.

ठिकाणाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: इथे आयनॅचरलिस्ट सरस. नोंद ‘ऑब्स्क्युअर्ड’, म्हणजे जागा झाकलेली, केली की नकाशावर अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी ठिपका पडतो आणि तारखेऐवजी फक्त महिना दिसतो. आपल्याकडे हा चौकोन वीसेक किलोमीटरचा, म्हणजे वेताळ टेकडीवरची कंदीलपुष्पाची (जमिनीत कंद असलेल्या एका रानफुलाची) जागा पार शहराच्या पूर्वेला हडपसरला दिसू शकते. कंद उकरून नेणारे असतातच, त्यांना फिरू द्या हडपसरभर. घराच्या बाल्कनीतले फोटोही असेच झाकावेत. ईबर्ड संवेदनशील पक्ष्यांचं ठिकाण आपणहून लपवतं, नावाऐवजी ‘अनामिक’ म्हणून दिसायचीही सोय आहे. पण असा ठिपका हलवणं तिथे नाही. बाल्कनीच्या यादीला घराचा नेमका पत्ता जोडण्याआधी दोनदा विचार करा.

काका पक्ष्यांसाठी निघतात खरे, पण निम्मा वेळ गवतात वाकलेले असतात. म्हणून त्यांच्या मोबाइलवर आयनॅचरलिस्ट ठेवलं, मेल आणि ‘कन्फर्मिंग’ दोन्ही बंद केलं. यादी करण्याचा नाद असता तर ईबर्डच सांगितलं असतं. चार दिवस शांतता होती. पाचव्या दिवशी एकच निरोप आला. पाषाण तलावाच्या काठी काढलेल्या फोटोखाली काकांनी ‘चतुर’ लिहिलं होतं. कोणीतरी नम्रपणे सुचवलं होतं, टाचणी, म्हणजे चतुराचाच सडपातळ भाऊबंद, बसल्यावर पंख मिटून घेणारा. काकांनी फोटो मोठा करून मिटलेले पंख पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. “हं,” म्हणाले, “पंख पाठीवर मिटलेत खरे.”