स्पायडर-मॅनचे पहिले अंक: एपिक, ऑम्निबस, फॅक्सिमिली की मूळ प्रत?

आधी हिशेब. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को या जोडीचा स्पायडर-मॅन म्हणजे एकूण ४१ अंक. ऑगस्ट १९६२चा ‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक १५, मग मार्च १९६३ ते जुलै १९६६ या काळातले ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चे १ ते ३८ आणि दोन वार्षिक अंक. ३९व्या अंकापासून चित्रं जॉन रोमिटाकडे गेली आणि पीटर पार्कर (मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन) एकदम देखणा झाला. तो वेगळा विषय.

हे ४१ अंक इतक्या रूपांत पुन्हा पुन्हा छापले गेलेत की ऑनलाइन शोधलं तर तोच मजकूर पाच-सहा नावांनी समोर येतो आणि किमतींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. ‘गोष्ट तीच, मग स्वस्तातलं घ्या’ हा सल्ला अर्धवट आहे. कागद आणि रंग बदलले की डिट्कोचं पान वेगळं दिसतं, आणि निवड खरं तर तिथेच करायची असते.

नुसतं वाचायचं असेल तर एपिक कलेक्शन घ्या, फार विचार करू नका. कागदी बांधणीचे दोन खंड पुरतात: पहिल्यात ‘अमेझिंग फँटसी’ १५, १ ते १७ आणि पहिला वार्षिक अंक, दुसऱ्यात १८ ते ३८ आणि दुसरा वार्षिक अंक. पानाचा आकार मूळ अंकाच्या जवळपास, पुस्तक हातात धरून आडवं पडून वाचता येतं. खोट एकच. बांधणी डिंकाची आहे, त्यामुळे नवं पुस्तक एकदम मधोमध उघडून दाबलं तर पाठीवर पांढरी घडी पडते आणि पुढे पानं सुटायला लागतात. पहिल्यांदा उघडताना दोन्ही बाजूंनी दहा-दहा पानं हळूहळू दाबत मध्यापर्यंत या.

मार्व्हल मास्टरवर्क्समध्ये हाच मजकूर चार खंडांत विभागलाय (१ ते १०, ११ ते १९, २० ते ३०, ३१ ते ४०, शेवटचे दोन अंक रोमिटाचे). पुठ्ठा बांधणी, कागद चांगला, कपाटात रांग छान दिसते. पण ही मालिका १९८७पासून चालू आहे, आणि जुन्या विक्रेत्याकडे मिळणारी प्रत कोणत्या छपाईची आहे हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सुरुवातीच्या छपाईत जिथे मूळ फिल्म (छपाईसाठी टिपलेली पानांची प्रत) धड मिळाली नाही तिथे रेषा दुरुस्त केलेल्या किंवा पुन्हा गिरवलेल्या होत्या. नंतरच्या छपायांत त्या सुधारल्या. जुन्या अंकावरून स्वच्छ रेषा मिळवण्याची एक पद्धत ग्रेग थीकस्टन यांच्या नावाने ओळखली जाते: छापील पानावरचे रंग रसायनाने उडवायचे आणि उरलेली काळी शाई टिपायची. प्रत मात्र कायमची जाते. म्हणजे चांगल्या पुनर्मुद्रणासाठी कधीकधी एक मूळ अंक बळी गेलेला असतो.

‘माइटी मार्व्हल मास्टरवर्क्स’ हे नाव सारखं असलं तरी वस्तू वेगळी आहे. ६ × ९ इंचांची छोटी कागदी पुस्तकं, पहिल्यात दहाव्या अंकापर्यंतचा मजकूर. दहा-बारा वर्षांच्या मुलाला द्यायला उत्तम. चाळिशीचा चष्मा लागलेल्याने घेऊ नयेत. ली यांचे संवादाचे फुगे तसेही गच्च भरलेले असतात, लहान आकारात ते डोळ्यांवर येतात.

ऑम्निबसच्या पहिल्या खंडात सगळे ४१ अंक एकत्र मिळतात, वर वाचकांची पत्रं. हजाराहून जास्त पानं. वाचायला टेबल लागतं, पोटावर ठेवून वाचायचं हे पुस्तक नव्हे. परदेशातून मागवताना वजनामुळे पाठवणावळ पुस्तकाच्या किमतीच्या तोडीला जाऊ शकते, तेव्हा आधी एकूण आकडा काढा. कपाटात उभं ठेवलंत तर दोन्ही बाजूंनी आधार हवा, नाहीतर आतल्या पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने पुठ्ठ्यापासून खाली ओढला जातो. आणि एक: ऑम्निबस संपला की विक्रेते किंमत दुप्पट-तिप्पट लावतात. मार्व्हल लोकप्रिय खंड पुन्हा छापते, आणि छापला की ती फुगलेली किंमत एका दिवसात बसते. पुनर्मुद्रणात गुंतवणूक शोधू नका, थांबायची तयारी ठेवा.

आता रंग. १९६०च्या दशकात अमेरिकन कॉमिकचे रंग ठिपक्यांनी बनत. लाल, निळा, पिवळा या प्रत्येक शाईच्या ठरावीक छटा, त्या एकमेकींवर टाकून साधारण ६४ रंग. हे सगळं वर्तमानपत्राच्या करड्या, शाई शोषणाऱ्या कागदासाठी योजलेलं. तेच रंग पांढऱ्याशुभ्र चकचकीत कागदावर सपाट भरले की भडक दिसतात. ३३व्या अंकातला, म्हणजे फेब्रुवारी १९६६चा, तो प्रसिद्ध प्रसंग घ्या. पाण्याखालचा अड्डा, छत गळतंय, अवजड यंत्राखाली स्पायडर-मॅन दबलाय, मे काकूंचं औषध समोर पडलंय आणि हात पोचत नाही. डिट्को चौकटी मोठ्या मोठ्या करत नेतो आणि यंत्र उचललं जातं ते अख्ख्या पानावर. जुन्या कागदावर त्या पानातला काळोख मऊ असतो, काळी शाई कागदात मुरलेली असते. चकचकीत कागदावर रेष धारदार होते, पण शेजारचा सपाट रंगही तितकाच ओरडतो, आणि वर दिव्याची तिरीप. चकाकी टाळायची तर दिवा डोक्यामागे नको, डाव्या बाजूला आणि थोडा खाली हवा.

रेषच पाहायची असेल तर ‘इसेन्शियल’ मालिका आठवते: कृष्णधवल, स्वस्त कागद, पहिल्या खंडात विसाव्या अंकापर्यंतचा मजकूर. आता छापत नाहीत, जुन्या बाजारात मिळते. चित्रकला शिकणाऱ्याने ती घ्यावी. डिट्कोची बोटं, मनगटं, जाळ्याच्या रेषा रंगांशिवाय जास्त कळतात. कागद पिवळा पडतो हे गृहीत धरा. दुसऱ्या टोकाला ताशेन या प्रकाशकाचा १९६२ ते १९६४चा भव्य खंड: पान सुमारे ११ × १५.५ इंच, मूळ छापील अंकांवरून टिपलेली छायाचित्रं, ठिपक्यांसकट. देखणा आहे, पण वाचण्यापेक्षा पाहण्याचा.

फॅक्सिमिली म्हणजे जुना अंक जसाच्या तसा पुन्हा छापलेला. तिचं आकर्षण वेगळं. एकच अंक, जाहिराती, पत्रं, सगळं मूळ क्रमाने. ‘अमेझिंग फँटसी’ १५मध्ये स्पायडर-मॅनची गोष्ट फक्त ११ पानांची आहे. बाकी पानांवर डिट्कोच्याच छोट्या गूढकथा होत्या. संग्रहांत सहसा ती ११ पानंच येतात. उरलेला अंक बघायचा तर स्वस्त मार्ग हाच. मात्र कागद आजचा असतो, त्यामुळे जुना पोत मिळत नाही. ४१ अंक या रूपात जमवायला निघू नका. सगळे निघालेलेही नाहीत, आणि जमवले तरी एपिकपेक्षा महाग पडतात.

खरा पोत कमी पैशांत हवा असेल तर फारसं कुणी सुचवत नाही असा एक पर्याय आहे: ‘मार्व्हल टेल्स’. पुनर्मुद्रणासाठीच चालवलेलं हे मासिक १९८२मध्ये क्रमांक १३७पासून पुन्हा ‘अमेझिंग फँटसी’ १५कडे परतलं आणि तिथून ओळीने डिट्कोचे अंक छापत गेलं. वर्तमानपत्री कागद, ठिपके, पिना, सगळं तेच. अमेरिकेतल्या जुन्या पेट्यांत हे अंक आजही मूळ अंकांच्या तुलनेत किरकोळ भावात मिळतात. १९७०च्या दशकातली पुनर्मुद्रणं मात्र टाळा. त्या काळात अंकातली कथेची पानं १७-१८वर आली होती, त्यामुळे जुन्या गोष्टींतली पानं गाळून बसवलेली आढळतात.

मूळ अंक घ्यायचे तर क्रमांक १ ते १० विसरा. तिथे पैसा वेगळ्याच लोकांचा चालतो. २०२१मध्ये ‘अमेझिंग फँटसी’ १५ची ९.६ दर्जाची (१० पैकी) प्रत ३६ लाख डॉलरला गेली. क्रमांक ३० ते ३८चे अंक, दर्जा १.५ ते २.५, हे वाचकाचं क्षेत्र. विक्रेत्याला हे विचारा: आतली ३२ पानं पुरी आहेत का, मधलं जोडपान दोन्ही पिनांना लागलेलं आहे का, कुठे कूपन कापलंय का (कूपनामागे बहुधा गोष्टीची चौकट असते), चिकटपट्टी आहे का. मुखपृष्ठाच्या उजव्या कडेला दातेरी तुकडे उडालेले दिसतील; तो छापखान्यातल्या बोथट कटरचा दोष, ‘मार्व्हल चिपिंग’ म्हणतात, आणि किंमत कमी करून घ्यायला चांगलं कारण आहे. पहिल्या अंकाच्या नावाखाली १९६६ची गोल्डन रेकॉर्ड आवृत्ती (ध्वनिमुद्रिकेसोबत विकलेलं पुनर्मुद्रण) गळ्यात मारली जाते: तिच्या मुखपृष्ठावर १२ सेंट ही किंमतच नसते. सीजीसी या दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने प्लास्टिकमध्ये सीलबंद केलेली प्रत वाचता येत नाही. जांभळं लेबल म्हणजे डागडुजी केलेली, तिचा भाव साध्या निळ्या लेबलाच्या प्रतीपेक्षा बराच कमी हवा.

डिजिटल सभासदत्व, मार्व्हल अनलिमिटेड, हे निवड करण्याआधीचं काम आहे. महिनाभराचे पैसे भरा, पहिले दहा अंक वाचा. सहाव्या अंकाला कंटाळा आला तर ऑम्निबसचे पैसे वाचले.

मुंबई, कोकण, गोवा इथे राहत असाल तर मूळ अंक किंवा ‘मार्व्हल टेल्स’ घेण्याआधी जागेचा विचार करा. दमट हवेत आधी पिना गंजतात, मग गंज मधल्या पानावर तपकिरी डाग बनून पसरतो, आणि पाठोपाठ कसर लागते. स्टेशनरीच्या दुकानातल्या मऊ, वासाच्या प्लास्टिक पिशव्या वापरू नका. त्या कागदाला चिकटतात. पॉलिप्रॉपिलिनची पिशवी, आत आम्लमुक्त पुठ्ठा, त्याची गुळगुळीत बाजू अंकाकडे. पिशव्या पाच-सात वर्षांनी बदला. मायलर (टिकाऊ पॉलिएस्टरची पिशवी) घेतलंत तर ती कटकट नाही. अंक पेटीत उभे, एकमेकांना टेकून, पण दाबून नव्हे. पेटी बाहेरच्या भिंतीला लावू नका. सिलिका जेलची पुडी टाकलीत तर पावसाळ्यात दर पंधरवड्याला उघडून रंग पाहा, बदलला असेल तर तापवून कोरडी करा. ओली पुडी आत राहिली की ती उलट ओल धरून बसते.