विहिरीसाठी टीडीएस आणि पीएच पेन: घ्या, पण हे वाचून घ्या

पाणी तपासायची पेनांची जोडी ऑनलाईन मागवली होती, हजाराच्या आत मिळते, उन्हाळा पावसाळा दोन्ही वापरून झाला म्हणून लिहितोय. आमचं शेत बेळगावच्या शहापूर शिवारात, बळ्ळारी नाल्याच्या अंगाला, नाला फुगला की शहराचं सांडपाणी सगळं भातात शिरतंय, त्यामुळं विहिरीचं काय होतंय ते कळायलाच पाहिजे होतं.

टीडीएस पेन भारी आहे. दोन पिनांमधून करंट किती जातोय तेवढंच बघून विरघळलेल्या क्षारांचा (टीडीएस) अंदाज देतो, लिटरला किती मिलिग्रॅम ते. उन्हाळ्यात विहीर साडेतीनशेच्या आसपास होती, नाल्याचं पाणी उतरल्यावर साडेपाचशे दाखवायला लागली, आणि नाल्यापासून लांब असलेल्या काकांच्या बोअरचा आकडा होता तिथंच. पिण्याच्या पाण्याला आयएस १०५०० या भारतीय मानकात ५०० ची मर्यादा आहे, दुसरं पाणीच नसलं तर २००० पर्यंत.

पण आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं, असं अजिबात नाही! खानापूरकडं मामांच्या विहिरीला शंभरच्या आत आला, मामा खूश, "फिल्टरपेक्षा भारी की रे". मग पंचायतीच्या किटातली एचटूएसची बाटली (मैल्याचे जंतू असले की पाणी काळं पडतं ती) भरून ठेवायला लावली तर दुसऱ्या दिवशी काळी ठिक्कर, म्हणजे मैलापाणी मिसळतंय. जंतू या पेनाला दिसतच नाहीत, फवारणीची औषधं पण नाहीत, आणि नायट्रेट, फ्लोराईड वेगळं सांगता येत नाही, त्याला लॅबच पाहिजे. घरात लहान पोरं असतील तर नुसत्या पेनावर पाणी पाजू नका, हात जोडून सांगतो.

पीएच पेन, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा, मात्र फार नखऱ्याचा. टोकाचा काचेचा बारका गोळा कोरडा पडला की आकडा एका जागी थांबतच नाही, एकाच पाण्याला कधी ७ कधी ७.६. टोपणात पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण घालून ठेवायचं, आरओच्या पाण्यात बुडवून ठेवलात तर गोळा खराब होतो. वापरायच्या आधी ६.८६ आणि ४ च्या बफरमध्ये (पीएच आधीच ठरलेला असतो त्या द्रावणात) सेट करायचा, पावडर सोबत येते, ती डिस्टिल्ड वॉटरमध्येच कालवा, नळाच्या नको.

टीडीएसला पाचपैकी साडेचार, पीएचला अडीच. पीएच घेणारच असाल तर बफरची जादा पाकिटं त्याच ऑर्डरमध्ये टाका, मला बेळगावात दुकानात पटकन मिळाली नाहीत.