फणस, आंबा की जुना साग? कोकणात युकुलेलेसाठी लाकूड निवडताना

"आंबो सरणाक लागता. तू तेची सतार करतंस?" आमच्या मेस्त्रींनी फळी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं. सतार नव्हे, युकुलेले, चार तारांचं, मांडीवर मावेल एवढं, असं सांगितलं तर त्यांना नावाचंच हसू आलं. पण प्रश्न बरोबर होता. कोकणात प्रत्येक लाकडाचं काम ठरलेलं आहे: आंबा खोक्यांना आणि सरणाला, फणस देव्हाऱ्याला आणि पाटाला, साग दारं-खिडक्यांना, पांगारा सावंतवाडीच्या खेळण्यांना. वाद्याला काय, हे कोणी ठरवून ठेवलेलं नाही. यातल्या बऱ्याच लाकडांची मी नासाडी करून झालोय. तुम्ही पहिलंच युकुलेले करायला बसला असाल आणि माळ्यावर दोन-तीन फळ्या पडल्या असतील, तर त्यातली कुठली उचलायची एवढ्यापुरतं हे लिहितोय.

हवाईतही जवळ होतं तेच लाकूड उचललं गेलं. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटाहून होनोलुलूला आलेल्या ‘रेवन्सक्रॅग’ जहाजात मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तिघे फर्निचर करणारे सुतार होते. त्यांनी आपल्या बेटावरचं छोटं वाद्य तिथल्या कोआ लाकडात करायला घेतलं, त्याचंच पुढे युकुलेले झालं. कोआ म्हणजे अकेशियाच, आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या भावकीतला. आज तिथे आंब्याचीही युकुलेले होतात, आणि आंबा तर त्या बेटांवर बाहेरून गेलेला. तेव्हा मेस्त्रींना काय सांगायचं ते सांगा, आंब्याला लाजायचं कारण नाही.

लाकडाची निवड मुख्यतः तबलीसाठी असते. तबली हा शब्द मी मिरजेच्या सतारवाल्यांचा घेतलाय, वरची पातळ फळी, जिच्यावर घोडी, म्हणजे तारा टेकतात तो लाकडाचा तुकडा, चिकटते. युकुलेलेला नायलॉनच्या किंवा फ्लोरोकार्बनच्या तारा असतात, त्यांचा ताण स्टीलच्या तारांच्या गिटारच्या मानाने फारच कमी. एवढ्याशा ताणावर हलायची तर तबली हलकी आणि पातळ हवी, साधारण दोन मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमी. जाडी अर्ध्यावर आणली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो, म्हणून शेवटचा अर्धा मिलिमीटर रंध्याने नव्हे, पॉलिश पेपरने काढायचा. जड लाकूड तबलीला लावलं तर आवाज आतच बसतो.

पण जातीच्या आधी पाणी बघा. माझं पहिलं वाद्य आंब्याचं. जुलैत चिकटवलं, गणपतीत वाजवलं, सगळ्यांनी वाहवा केली. एप्रिलमध्ये पुण्याला नेलं आणि चौथ्या दिवशी दुपारी ‘टक्’ असा आवाज आला. तबली घोडीपासून खालपर्यंत रेषेत उकललेली. दोष आंब्याचा नव्हता, माझा होता. नव्वद टक्के दमट हवेत लाकडात अठरा-वीस टक्के पाणी मुरलेलं असतं. चाळीस टक्के हवेत ते सात-आठवर येतं. तेवढ्या फरकाने फळी आडवी आकसते, आणि मी ती चारी बाजूंनी चिकटवून बसलो होतो. आता मी चिकटवण्याचं सगळं काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरकतो. आगोट लागली की फक्त कानस, तासणी आणि दांडीचा आकार. तबली आणि पाठ कोरड्या दिवसांत चिकटलेली असली की पावसात ती फुगून किंचित वर येते, तारा थोड्या उंच होतात, पण तडकत नाही.

सुकवण्याचा ठोकताळा म्हणजे इंचभर जाडीला एक वर्ष. कोकणात मी पावसाळा त्या वर्षात धरत नाही.

आता फणस आणि आंबा, कारण खरी निवड बहुतेकांसमोर या दोनच लाकडांची असते.

फणसाची फळी पहिल्यांदा रंधली की हळदीचा ढीग पडतो. हात, बनियन, बाकडं, सगळं पिवळं. हा रंग टिकत नाही. उजेडात वर्ष-दोन वर्षांत तो तांबूस होतो आणि पुढे जुन्या देव्हाऱ्यासारखा तपकिरी. माझ्या एका वाद्याच्या भोकातून आत पाहिलं तर अजून हळद दिसते, बाहेरून ते आजीच्या पाटासारखं. फणस वाद्याला नवा नाही: तंजावरची वीणा फणसाची, मृदंगमचं खोड फणसाचं. गाभ्याला वाळवी सहज लागत नाही. सुकताना तो आंब्यापेक्षा शहाण्यासारखा वागतो, पिळवटतो कमी. रेषा मात्र सरळ असेलच असं नाही. एका पट्ट्यात ती उजवीकडे, शेजारच्या पट्ट्यात डावीकडे झुकते, आणि रंधा कुठूनही लावला तरी कुठेतरी टवका निघतो. पातं धारदार ठेवून तिरपं चालवायचं, नाहीतर कार्ड स्क्रॅपर, म्हणजे खरवडायची पातळ पोलादी पट्टी. फेविकॉलच्या पांढऱ्या गोंदापेक्षा मी पिवळा लाकडी गोंद वापरतो. जुन्या पद्धतीचा सरस आमच्याकडे पावसाळ्यात सैल पडतो, त्यावर विसंबू नका.

आंबा हे मनमोकळं लाकूड. स्वस्त, कुठेही मिळणारं, आणि चिरल्यावर काय निघेल याचा नेम नाही. कधी नुसतं पिवळट-करडं, कधी आत गुलाबी लाटा, कधी काळ्या शाईने नकाशा काढल्यासारख्या रेघा. या काळ्या रेघा बुरशीच्या. ओंडका पाडून तसाच पडून राहिला की त्या येतात, आणि दिसायला इतक्या सुंदर की मोह आवरत नाही. पण त्याच जागी लाकूड भुसभुशीतही असू शकतं. नखाने दाबा, नख रुतलं तर तो तुकडा तबलीला नको, पाठीला चालेल. आंब्याचा दुसरा शत्रू किडा. फळीखाली कागद ठेवा आणि आठ दिवसांनी बघा, कागदावर पीठ पडलं असेल तर आत कोणीतरी जेवतंय. चिरल्याबरोबर बोरिक अॅसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात फळ्या बुडवून ठेवल्या तर हा त्रास पुष्कळ वाचतो. आंबा पाडला की महिन्याच्या आत चिरून घ्या, पाऊस त्याला माफ करत नाही.

आवाजाबद्दल जे सांगतो ते माझ्या कानांचं. एकाच मापाची, कॉन्सर्ट म्हणजे साधारण पंधरा इंची तारेची दोन वाद्यं माझ्याकडे आहेत, एक फणसाचं, एक आंब्याचं, तारा त्याच. आंबा चटकन बोलतो. बोट लागताच स्वर तोंडाशी येतो आणि लवकर विरतो. घरातल्या मुलांबरोबर गाणी म्हणायला, झटपट ठोक्याला हेच बरं. फणसाचा स्वर जरा उशिरा उघडतो पण रेंगाळतो, एकेक सूर वेगळा वाजवायचा असेल तर तो गोड. आंब्याच्या तबलीला मी १.८ मिलिमीटरपर्यंत गेलो, फणसाला तेवढं पातळ केल्यावर घोडीखाली पोट आलं, म्हणून तिथे दोनवर थांबलो.

बाजूच्या पट्ट्या वाकवताना दोघांचा स्वभाव उघडा पडतो. दीड मिलिमीटर जाडीची पट्टी ओली करून गरम लोखंडी पाइपवर दाबायची; पाइपवर पाण्याचा थेंब नाचून उडाला की तो तापला समजा. फणस हळूहळू नमतो. आंब्याची सरळ रेषेची पट्टी लोण्यासारखी जाते, आणि लाटांची पट्टी कंबरेच्या वळणावर कट्कन तुटते. लाटांचं लाकूड हवंच असेल तर त्याची पाठ करा आणि बाजूला साध्या आंब्याच्या पट्ट्या लावा.

जुना साग. पाडलेल्या घराची चौकट तुमच्याकडे असेल तर सुकवण्याची चिंता मिटली, साठ-सत्तर पावसाळे काढून ते लाकूड आता हलायचं नाव घेत नाही. पण त्याच्या पोटात तेल आणि वाळूसारखी खर असते. पात्याची धार अर्ध्या तासात जाते. चिकटवायच्या आधी दोन्ही कडा ताज्या रंधून अॅसिटोनने पुसून लगेच गोंद लावावा लागतो, नाहीतर जोड वर्षभरात उघडतो. आणि खिळे! वखारीत चिरायला देण्याआधी लोहचुंबक फिरवून बघा, एका खिळ्याने पट्टीचं पातं गेलं की वखारवाला पुन्हा तुमचं लाकूड घेत नाही. माझ्या मते साग दांडीला उत्तम, पाठीला ठीक, तबलीला बसका.

शिसव तबलीला नको, पाठीला जड पण दणकट, आणि फ्रेटबोर्ड (दांडीवरची, बोटं दाबायची पट्टी) व घोडीला त्याच्यासारखं दुसरं नाही. तुकडाभरच लागतो, मला तो एका मोडक्या पेटाऱ्याच्या पायात सापडला. वाद्य परदेशी पाठवायचं असेल तर लक्षात ठेवा, शिसव ज्या डाल्बर्जिया गटातलं, तो गट २०१७ पासून साइट्स (CITES) या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आहे. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली.

झाड पाडायचा विचार असेल तर आधी वनखात्यात विचारा. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ यांच्याबरोबर आंबा आणि फणसही आहेत; आपल्या परसातलं म्हणून परस्पर तोडता येत नाही. खरं तर युकुलेलेला झाड लागतच नाही. दोन फूट लांब, पाच-सहा इंच रुंद आणि दोन इंच जाड तुकड्यात तबली, पाठ आणि बाजू तिन्ही निघतात. मोडका पाट, जुनं कपाट, वादळात पडलेली फांदी यात काम भागतं.

पहिल्या वाद्याला माझं मत फणसाच्या बाजूने, आणि तबलीला शिवण झाडाचं लाकूड मिळालं तर शिवण. शिवण हलकं, फिकट, आणि पावसात-उन्हात सगळ्यांत कमी हलणारं. म्हणून तर त्याचे पाट करतात. शिवणाची तबली आणि फणसाची पाठ-बाजू हे माझं आजवरचं सगळ्यात मोठ्या आवाजाचं वाद्य. दिसायला फिकं, खरं आहे. ज्याला दिसणं महत्त्वाचं आणि वाद्य गावातच राहणार आहे, त्याने आंबा घ्यावा. वाद्य मुंबई-पुणे करणार असेल तर जुना फणस किंवा जुना साग, नवी फळी नकोच. आणि लहान मुलासाठी एक गंमत करायची तर मोठ्या नारळाच्या करवंटीचं पोट आणि शिवणाची पातळ तबली. पॅसिफिकच्या बेटांवर करवंटीची युकुलेले होतात, आपल्याकडे करवंट्यांना तोटा नाही.

तारांसाठी दुकान शोधत बसू नका. युकुलेलेच्या फ्लोरोकार्बन तारा म्हणजे मासेमारीच्या दोऱ्याचेच भाऊबंद, जाडी साधारण अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरची. मालवणच्या एका जाळ्यांच्या दुकानात मी तो मागितला तेव्हा दुकानदाराने साध्या नायलॉनच्या तंगूसचं भेंडोळं काढलं. नको म्हटल्यावर "कसलो मासो धरतलास?" असं विचारून आतून फ्लोरोकार्बन आणून दिला.

राहिली दोन लाकडं, ज्यांच्याबद्दल मी मत देणार नाही. एक किनाऱ्याकडची भेंडी. ही आपली कुंपणाची भेंडी हवाईत ‘मिलो’ म्हणून ओळखली जाते, तिचा गाभा चॉकलेटी असतो. पण मला अजून हातभर सरळ तुकडा मिळालेला नाही. दुसरी रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभूळ, कोआच्या भावकीतली. वादळात पडलेल्या एका झाडाची इंचभर जाडीची फळी मी टोकांना मेण लावून चुलीवरच्या माळ्यावर ठेवली आहे. मेण लावूनही एका टोकाला चार इंच भेग गेलीच. फळीवर पेन्सिलने वजनं लिहिलेली आहेत: चिरली तेव्हा २३१० ग्रॅम, पुढच्या जानेवारीत १७२०, ऑगस्टमध्ये १७९०, यंदाच्या मेमध्ये १६५५. दोन मेच्या वजनांत फरक दिसेनासा झाला की मेस्त्रींना हाक मारायची.