सात शेपट्यांच्या उंदरासाठी ठोकळे की चिमटे?

सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट वाचून झाल्यावर तिच्यातले गणित मुलांच्या हाती द्यायचे ठरवले, की साधनाचा प्रश्न उभा राहतो. एकमेकांत अडकवायचे प्लॅस्टिकचे ठोकळे वापरावेत, की पुठ्ठ्याचा उंदीर करून त्याला कपड्यांचे चिमटे लावावेत, अशा विचारात असलेल्या पालकांसाठी आणि बालवाडीताईंसाठी हे लिहीत आहे. गोष्ट सर्वांना ठाऊक आहेच: सवंगड्यांच्या चिडवण्याला कंटाळून उंदीर रोज न्हाव्याकडून एक शेपटी कापून घेतो, सातावरून शून्यावर येतो, आणि तरीही चिडवणे काही थांबत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी वजाबाकीची याहून चांगली गोष्ट मला तरी आढळलेली नाही.

ठोकळ्यांची एक बाजू निर्विवाद भक्कम आहे. ते एकाच मापाचे असल्यामुळे प्रत्येक दिवसाच्या उरलेल्या शेपट्यांची एकेक कांडी करून त्या शेजारी-शेजारी ठेवल्या, की सातापासून एकापर्यंत उतरणारा जिना तयार होतो आणि ‘एकाने कमी’ म्हणजे काय ते न सांगता दिसते. त्याला २८ ठोकळे लागतात, पण दृश्य सुरेख असते. चिमट्यांना हे साधत नाही.

माझे मन ठोकळ्यांवरून उडाले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या कटकटीमुळे. नवे ठोकळे घट्ट बसतात. लहान मूल शेवटचा एक ठोकळा ओढायला जाते आणि कांडी भलत्याच ठिकाणी तुटून तीन ठोकळे एकदम हातात येतात. आमच्या मुलीने त्यावर ‘न्हावी घाईत होता’ असा निवाडा दिला. तो मला आवडला, पण गोष्ट मात्र तिथेच अडली, आणि मोठ्या माणसाने कांडी पुन्हा जोडून देईपर्यंत मोजणी विस्कटली. हे एकदा झाले असते तर सोडून दिले असते, परंतु ते वारंवार होत राहिले. त्याहून मूलभूत अडचण पुढे लक्षात आली: सात ठोकळ्यांची कांडी मुलाला सात शेपट्या वाटत नाही, ती एकच लांब शेपटी वाटते आणि रोज आखूड होत जाते.

चिमटा दाबला की एकच शेपटी निघते, आणि ती कडेचीच असावी लागत नाही. मधली काढली तरी उरलेल्या सहाच राहतात. मोजणीची तत्त्वे १९७८ मध्ये मांडताना गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी, वस्तू कोणत्याही क्रमाने मोजल्या तरी संख्या तीच राहते, या तत्त्वाचाही समावेश केला होता. इथे मूल ते आपल्या हातांनी पडताळून पाहते. काढलेले चिमटे ‘न्हाव्याच्या डब्या’च्या काठाला लावत गेल्यास इकडे चार, तिकडे तीन, मिळून सात, हेही आपोआप समोर राहते. शून्याच्या बाबतीत तर चिमटे फारच पुढे आहेत असे मला वाटते, कारण ठोकळे संपले की पाहायलाच काही उरत नाही, उलट चिमटे संपल्यावर बोडका उंदीर समोर असतो आणि ‘आता किती?’ हा प्रश्न विचारता येतो.

चिमट्यांतही दोष आहेत. नव्या चिमट्यांची स्प्रिंग कडक असते, म्हणून दोरीवर वापरून सैलावलेले निवडावेत. पुठ्ठा खोक्याचा, दुहेरी चिकटवलेला असावा, नाहीतर उंदीर वाकतो. चिंचोक्यांचाही मोह होतो, पण ते घरंगळतात आणि धाकटे भावंड घरात असेल तर ते तोंडात जाण्याची धास्ती राहते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत परिसरातल्याच वस्तूंची साधने केली, हे आठवले की विकतच्या संचाची ओढ थोडी कमी होते, इतकेच.

मूल सहा वर्षांचे असेल आणि पुढे दशक शिकवायचे असेल, तर ठोकळे घेणे कदाचित अधिक शहाणपणाचे ठरेल. त्याआधी मात्र मी चिमटेच सुचवेन. बालवाडीत २० मुले असली तरी चौघांत एक उंदीर पुरतो, म्हणजे ३५ चिमटे लागतात, आणि न्हावी होण्याची पाळी रोज बदलावी, कारण भांडण होते ते तिथेच.